रुळांखालची माती कोणी वाहिली?

आसनगाव, वासिंद, टिटवाळ्याच्या कितीतरी जणी भाजीची पाटी घेऊन रोज कल्याणची लोकल धरतात. त्या लोहमार्गाची गोष्ट आज आम्ही बचत गटाच्या बाया सांगणार आहोत.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. २१ तोफांची सलामी झाली. रेल्वे यावी म्हणून झटणाऱ्यांत मूळचे आपल्या मुरबाडचे नाना शंकरशेट होते.

पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, ठाण्याची खाडी ओलांडून गाडी कल्याणला आली. इथून मार्गाला दोन फाटे फुटले. एक वासिंद, कसाऱ्याकडून थळ घाटाकडे, दुसरा पळसदरीवरून बोर घाटाकडे. घाटावरचा कापूस मुंबई बंदरात लवकर यावा आणि सरकारचं सैन्य झटपट हलावं, हा त्यामागचा हिशोब होता. म्हणून कल्याण जंक्शन झालं.

खरी कसोटी घाटात लागली. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. पहारीनं कातळात भोकं पाडायची, दारू ठासून सुरुंग उडवायचा आणि दगडमाती डोक्यावरून वाहायची. हे वाहायचं काम पुरुषांबरोबर बाया आणि मुलंही करत. बायांना मजुरी पुरुषांपेक्षा कमी मिळे. अख्खी कुटुंबं डोंगरातल्या झोपड्यांत राहत. एकट्या बोर घाटात एका वेळी ४० हजारांहून जास्त मजूर होते. पटकी, ताप आणि अपघातांनी हजारो माणसं गेली. बोर घाट १८६३ मध्ये सुरू झाला, थळ घाटातून इगतपुरीला गाडी १८६५ मध्ये पोचली.

बोर घाटाच्या कामातल्या एका बाईचं नाव मात्र इतिहासात आहे, ॲलिस ट्रेडवेल. तिचा नवरा तिथला ठेकेदार होता. १८५९ मध्ये तो इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा तिनं ठेका सोडला नाही, जाणकार माणसं नेमून काम पुरं करून घेतलं. तिचं कौतुक आहेच. पण ठेका तिच्या नावावर होता म्हणून तिचं नाव राहिलं. पाटी वाहणाऱ्या आपल्या बायांची नावं आज कोणी सांगू शकत नाही.

बचत गटात आपण रुपयाची नोंद ठेवतो, तशी कष्टाचीही ठेवू या. रोजगार हमीच्या कामावर गेलात तर हजेरीपटावर नवऱ्याचं नाही, आपलं स्वतःचं नाव आहे ना, ते वाचून बघा. वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीला सोबत न्या. आणि येत्या बैठकीत गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला बोलवा. तिनं रस्त्यावर, धरणावर, रुळांवर कुठं काम केलं, मजुरी काय मिळाली, ते तिच्या नावासकट वहीत लिहून घ्या.