शिलिंगभर रॉयल्टी आणि गरम हवा



कारखान्याच्या चिमणीवरून आपल्याकडे भांडण होतं ते धुराचं आणि काजळीचं. उष्णतेचा विषय कुणी काढत नाही, ती दिसत नाही ना! पण भट्टीतली उष्णता कामाला कशी लावायची, आणि त्यातून वाचलेल्या पैशात वाटा कुणाचा, यावरून स्कॉटलंडमध्ये एकेकाळी जंगी कोर्टबाजी झाली होती.

जेम्स बोमाँट नील्सन हा ग्लासगोच्या गॅस कारखान्याचा व्यवस्थापक. लोखंडाच्या धंद्यातला नव्हेच. तेव्हा झोतभट्टीत थंड हवा मारत. हिवाळ्यात भट्टी चांगली चालते, म्हणून हवा जितकी गार तितकं बरं, असा मालकांचा ठाम समज. काहीजण तर हवेच्या नळांना चुना फासायचे, म्हणजे ते उन्हाने तापू नयेत! खरं कारण साधं होतं, उन्हाळ्यातल्या हवेत बाष्प जास्त असतं. नील्सन म्हणाला, उलट करा, हवा आधी तापवा आणि मग भट्टीत सोडा. १८२८ साली त्याने पेटंट घेतलं. (पेटंटमधला एक भागीदार चार्ल्स मॅकिंटॉश, रेनकोटवाला तोच.)

क्लाइड आयर्न वर्क्समध्ये प्रयोग झाला. १८२९ मध्ये तिथे एक टन लोखंडामागे आठ टनांहून जास्त कोळसा जात होता. १८३० मध्ये तो पाच टनांच्या आसपास आला. १८३३ मध्ये हवा ६०० अंश फॅरनहाइटपर्यंत तापवून, कोक न करता कच्चाच कोळसा वापरून, सव्वादोन टनांवर. भट्ट्या त्याच, खनिज तेच!

नील्सनने मागितलं काय? टनामागे एक शिलिंग. आणि तेवढंही द्यायला मालक तयार नाहीत. कोळशाची बचत खिशात घालायची आणि वर म्हणायचं, गरम हवेत कसला आलाय शोध, ते तर निसर्गाचं तत्त्व. इंग्लंडच्या कोर्टात १८४१ मध्ये निकाल लागला. नुसत्या तत्त्वावर मालकी नाही, पण तत्त्व सगळ्यांना माहीत आहे असं धरलं तरी ते भट्टीला लावायची रीत ज्याने काढली, ती रीत त्याची. या निकालाचा दाखला पुढे अमेरिकेत तारयंत्राच्या आणि थेट संगणकाच्या पेटंट खटल्यांतही आला. गार्टशेरीच्या बेअर्ड बंधूंविरुद्धचा खटला १८४३ मध्ये एडिनबरोच्या ज्यूरीपुढे चालला, तोही नील्सनने जिंकला. माझ्या मते बेअर्ड मंडळींची बाजू लंगडीच होती. शोध खोटा असता, तर पेटंटची मुदत संपायची वाट न बघता त्यांनी तो वापरला कशाला असता?

पण नील्सनच्या रचनेतही एक उधळपट्टी होतीच. हवा तापवायला वेगळा कोळसा जाळायचा आणि शेजारीच भट्टीच्या उघड्या तोंडातून जळता वायू आकाशात. तो पकडून वापरायचे प्रयत्न आधी जर्मनीत वासरआल्फिंगेनला झाले, मग वेल्समध्ये. १८५७ मध्ये एडवर्ड काउपरने विटांनी भरलेल्या शेगडीचं पेटंट घेतलं. भट्टीचा टाकाऊ वायू जाळून एका शेगडीतल्या विटा तापवायच्या, दुसरीच्या तापलेल्या विटांतून हवा न्यायची, आणि ठरावीक वेळाने अदलाबदल. लोखंडी नळ जिथे हात टेकत, त्याच्या कितीतरी वर हवा तापू लागली.

आता आपलं. साखर कारखान्याच्या बॉयलरमागे एअर प्रीहीटर असतो, त्याचं कामही हेच. चिमणीकडे निघालेल्या धुरातली उष्णता काढून आत येणारी हवा तापवायची. त्याने बगॅस वाचतो, आणि वाचलेल्या बगॅसवर वीज तयार होऊन विकलीही जाते. तेव्हा सभासदांनो, यंदाच्या वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर एवढंही विचारा, की चिमणीत जाणाऱ्या धुराचं तापमान किती, आणि गेल्या हंगामात किती होतं? आकडा कंट्रोल रूममध्ये असतोच. अहवालात का नसतो, तेही विचारा.