वाचा गेली, तरी बुद्धी शाबूत : मेंदूतील भाषा आणि तर्क

भिलाई (छत्तीसगड) : पक्षाघातानंतर रुग्णाची वाचा गेली की त्याची बुद्धीही गेली, असा समज सर्वत्र आढळतो. मेंदूविज्ञानाने तो चुकीचा ठरविला आहे. भाषा आणि तर्क यांसाठी मेंदूत बव्हंशी वेगवेगळी जाळी कार्यरत असतात.

फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ‘टॅन’ एवढाच ध्वनी उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूचे मृत्यूनंतर परीक्षण केले. त्यात डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात इजा आढळली. जर्मन वैद्य कार्ल वेर्निक यांनी १८७४ मध्ये आकलनाशी निगडित असलेला, कानशिलामागील भाग दाखवून दिला. या जाळ्याला इजा झाल्यास वाचाघात होतो.

तर्क, गणित व नियोजनाचे काम मुख्यत्वे कपाळामागील आणि माथ्याखालील अन्य भागांकडे असते. ब्रिटनमधील २००५ च्या एका अभ्यासात, वाक्यात कोणी कोणाला मारले हे न उमगणाऱ्या वाचाघाताच्या रुग्णांनी वजाबाकीतील संख्यांचा क्रम मात्र अचूक ओळखला.

भिलाईसारख्या बहुभाषिक नगरीत या ज्ञानाला विशेष महत्त्व आहे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या पोलाद प्रकल्पाची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि विविध प्रांतांतील कामगार येथे स्थायिक झाले. घरात मराठी, तेलुगू वा बंगाली, बाजारात छत्तीसगढी आणि कामावर हिंदी असा व्यवहार येथे रुळला. हैदराबाद येथे ६०८ पक्षाघातग्रस्तांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झटक्यानंतर बौद्धिक क्षमता अबाधित राहिलेल्यांचे प्रमाण बहुभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के आढळले. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

बहुभाषिक रुग्णाच्या सर्व भाषा सारख्याच प्रमाणात बाधित होतील असे नाही. त्यामुळे केवळ हिंदीतून केलेली तपासणी अपुरी ठरू शकते. रुग्ण कोणकोणत्या भाषा बोलत असे, ही माहिती कुटुंबीयांनी डॉक्टरांना आवर्जून द्यावी. त्याच्याशी लहान वाक्यांत बोलावे, चित्रे व खुणांचा आधार घ्यावा आणि घरच्या निर्णयांत त्याला सहभागी करून घ्यावे.

बोलणे अचानक अडखळणे, चेहरा वाकडा होणे किंवा हात लुळा पडणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून अशा रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे अत्यावश्यक असते.