चौपन्न वर्षांची फियाट आणि जाम झालेलं इंजिन

2024 च्या उन्हाळ्यातले माझे सगळे वीकांत वाईजवळच्या आमच्या गावी, एका पत्र्याच्या शेडमध्ये गेले. कारण आजोबांची 1970 सालची फियाट 1100 डिलाइट. आजोबा 1998 मध्ये गेले, तेव्हापासून ती तिथेच उभी होती. टाकीत पेट्रोलचा डिंक, सीटमध्ये उंदरांचा संसार आणि इंजिन ठार जाम.

पहिल्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि निकाल देऊन टाकला, "हे काढून टाका साहेब. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देतो, मख्खन पळेल." बाबा काही बोलले नाहीत, पण चेहरा पडला. ते याच गाडीवर शिकले होते.

आता थोडा इतिहास. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. जहाजं झाली, विमानं झाली, मग मोटारी! कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जायच्या, पुढे फियाटशी करार झाला. 1964 मध्ये 1100 डिलाइट आली, पण ती बघायला वालचंद नव्हते. ते 1953 मध्येच गेले. 1970 च्या दशकात याच गाडीची प्रीमियर पद्मिनी झाली.

तो लायसन्स-परमिटचा काळ. अँबॅसिडर, फियाट नाहीतर स्टँडर्ड, यातलं काय ते घ्या आणि तेही बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबा. आजोबा सहा वर्षं थांबले होते. गंमत म्हणजे इटलीत 1100 ची मालिका 1969 मध्येच बंद झाली. म्हणजे आजोबांची गाडी कुर्ल्यातून बाहेर पडली तेव्हा तिचं माहेर बंद झालं होतं! आपल्याकडे मात्र तेच 1089 सीसीचं इंजिन जवळजवळ 2000 सालापर्यंत चाललं. स्पर्धाच नव्हती, बदल कोण करणार?

छत्तीस वर्षांत एक धड अपग्रेड नाही, म्हणून मी नेहमी हसायचो. या उन्हाळ्यात हसू आवरलं. नाना पेठेत एका दुकानदाराने मागच्या फळीवरून नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीच्या रिंगा आणि गास्केट काढून दिलं, आणि ते 1970 च्या इंजिनात बरोब्बर बसलं. याला म्हणतात बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी! ज्या साचलेपणाने आजोबांना सहा वर्षं ताटकळवलं, त्यानेच त्यांची गाडी वाचवली.

दुसरे मिस्त्री सत्तरीतले. मुंबईत टॅक्स्या दुरुस्त करण्यात हयात गेलेली. त्यांनी चारही प्लग काढले, सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑईल ओतलं आणि म्हणाले, "आता थांबायचं. सेल्फ मारायचा नाही, जोर लावायचा नाही." दर शनिवारी क्रँकच्या नटाला पाना लावून हलकेच पुढे-मागे रेटायचं. तीन शनिवार काहीच नाही. चौथ्या शनिवारी पाना बाबांच्या हातात होता. 'कट्' असा आवाज आला आणि क्रँक बोटभर फिरला. बाबा लहान मुलासारखे ओरडले.

मग हेड उतरवलं, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, टाकी धुतली, ब्रेक नवे केले. इंजिन मात्र तेच, आरसी बुकातल्या नंबराचं. हा निव्वळ भावनेचा मामला नाही बरं का. 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार व्हिंटेज म्हणून नोंदणीला गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. पहिल्या मिस्त्रीचं ऐकलं असतं तर तो रस्ताच बंद झाला असता.

ऑगस्टमध्ये नवव्या सेल्फला इंजिन धरलं. बाबांनी डोळे पुसले आणि धुरावर ढकललं. असो.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. ही विद्या टॅक्स्यांनी जिवंत ठेवली होती. आता नाना पेठेतली ती फळी रिकामी होईल तेव्हा परत भरणार नाही, आणि मिस्त्रींकडे शिकाऊ पोरगाही नाही. परवा तेच म्हणाले, "तू लिहून का घेत नाहीस?"

म्हणून वही घेऊन दर शनिवारी त्यांच्याकडे जातोय. हापिसात कायम टाळलेलं डॉक्युमेंटेशन आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून करतोय.