वरंध्याचा पावसाळी बंद

जून लागला की भोरकराचा पहिला प्रश्न ठरलेला: घाट चालू आहे का? घाट म्हणजे वरंधा, नीरा-देवघरच्या पाण्याकडेने वर चढून महाडकडे उतरणारा. या वाटेवर पहाऱ्याला कावळ्या किल्ला होता. आजच्या रस्त्याने त्याचे सरळ दोन तुकडे केलेत. पूर्वी कोकणातलं मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून अशाच वाटांनी वर यायची, तीही पाऊस सरल्यावर. तेव्हा बंदीचा हुकूम लागत नसे, पाऊसच पुरे. आता जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. जुलै २०२१ मध्ये दरडींनी रस्ता खचला. त्याच पावसात महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं.

माझा भाचा ऑस्ट्रियात असतो. तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्त्यावर बर्फ असला की हिवाळी टायर सक्तीचे. साखळीच्या चाकाची निळी पाटी दिसली की चाकांना साखळ्या चढवायच्या. "मामा, वरंध्याला असं काही नाही?" बाबा रे, बर्फाला साखळी चालते, दरडीला काय बांधणार?

तेव्हा पावसाळ्यात महाडला निघण्याआधी भोरात चौकशी करा. घाट बंद असला तर ताम्हिणीने माणगावला उतरा, पण ताम्हिणी चालू आहे ना, तेही विचारून.