आडनावाला वजा पंधरा

विद्यापीठांत कृत्रिम बुद्धिमत्ता आणायची घाई सुरू आहे. आम्ही शंका काढली की उत्तर तयार असते: यंत्राला जात नसते, मग तुमची तक्रार कशाची? हा दावा नवा नाही. लंडनमध्ये तो चाळीस वर्षांपूर्वीच उघडा पडला आहे.

सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये प्रवेशासाठी दरवर्षी दोन हजारांच्या आसपास अर्ज तपासावे लागत. प्रत्येक परीक्षकाचा हात वेगळा, म्हणून निवडीत सातत्य यावे या हेतूने डॉ. जेफ्री फ्रँगलेन यांनी संगणकाचा प्रोग्राम लिहिला. १९७९ पासून तो माणसांच्या निवडीशी ताडून पाहिला गेला. ९० ते ९५ टक्के निकाल जुळले. सगळे खूश झाले आणि १९८२ पासून पहिली चाळणी पूर्णपणे यंत्राच्या हाती गेली.

निकाल जुळले, म्हणजे नेमके काय जुळले? परीक्षकांच्या मनात जे होते, तेच आता आकड्यांत उतरले होते. वंश ठरायचा तो नाव आणि जन्मस्थळ यांवरून. नाव युरोपीय वाटले नाही तर पंधरा गुण वजा. बाई असेल तर सरासरी तीन वजा. आपल्याकडे आडनाव विचारणारे जे चहा पिता पिता करतात, ते तिथे प्रोग्राम करत होता. फरक एवढाच की तिथे ते लिहून ठेवलेले होते.

आणि लिहिलेले होते म्हणूनच सापडले! त्याच संस्थेतले डॉ. जो कॉलियर आणि जमैकात जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. अॅग्री बर्क यांनी १९८६ मध्ये प्रकरण वांशिक समानता आयोगाकडे नेले. आयोगाचा निष्कर्ष १९८८ मध्ये आला: संस्था भेदभावाची दोषी आहे, आणि वर्षाला साठेक उमेदवारांची मुलाखत केवळ नावामुळे किंवा बाई असण्यामुळे हुकली असावी. गंमत अशी, की लंडनच्या इतर वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानाने इथे बिगर-युरोपीय विद्यार्थी जास्तच होते. इतर ठिकाणी भेदभाव परीक्षकांच्या डोक्यात होता, आणि डोके तपासायला मिळत नाही.

आजची यंत्रे वजा पंधरा असे कुठे लिहीत नाहीत. जुने निकाल, जुने गुण, जुन्या निवडी वाचून ती स्वतः शिकतात. आपले जुने निकाल कसे आहेत? दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांशी होणाऱ्या वागणुकीवर प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. परीक्षा आणि तोंडी परीक्षेतल्या पक्षपाताच्या तक्रारी त्यात आहेत. अशा संस्थांच्या गुणपत्रिका यंत्राला खाऊ घातल्या तर ते काय शिकेल, हे सांगायला संगणकशास्त्र लागत नाही.

म्हणून आम्ही यंत्राला नाही म्हणत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी विचारले होते की शेतकऱ्यांच्या करातून आलेला पैसा कुणाच्या शिक्षणावर खर्च होतो. आमचा प्रश्न त्याच वळणाचा आहे: यंत्र कुणाच्या नोंदींवर शिकवले, कोणत्या गोष्टीला किती वजन दिले, आणि त्याने नाकारलेल्यांत आपली पोरे किती? आपल्या विद्यापीठाने असे काही विकत घेतले असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. हे तीन प्रश्न त्यात जसेच्या तसे उतरवून घ्या.