धूळ आधी, ताकद नंतर

पिकअपला बाहेरचा एअर फिल्टर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो ताकदीचा. फिल्टर जन्मला तो मात्र धुळीपायी. 1915 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ट्रॅक्टर विकणाऱ्या फ्रँक डोनाल्डसनने एअर क्लीनर बनवला, कारण शेतातली धूळ गिऱ्हाइकाचं इंजिन खाऊन टाकत होती. मातीतली सिलिका सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कठीण. तेलात मिसळली की ती पॉलिशपेपरसारखी रिंगा आणि लायनर घासत राहते. हवा अडवली तर ताकद घटते, मोकळी सोडली तर इंजिन झिजतं, ही ओढाताण तेव्हापासूनची. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढणाऱ्या ब्रिटिश स्पिटफायर विमानांना नाकाखाली व्होक्स कंपनीचा फुगीर फिल्टर बसवावा लागला, तेव्हा वेगही घटला आणि चढही मंदावला. त्यावर इजिप्तमधल्या अबुकीरच्या दुरुस्ती तळाने काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे: फिल्टर ठेवला, फक्त त्याला आटोपशीर आकार दिला. धुळीशी तडजोड नाही.

तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर लोकप्रिय केला तो 1969 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या के अँड एनने, आणि तोही मोटरसायकल शर्यतींच्या जगातून. शर्यतवाले वाळवंटातही हाच वापरतात, मग आपण का नको, असं कोणी विचारेल. पण शर्यतीचं इंजिन पुन्हा पुन्हा उघडलं जातं. पिकअपचं वर्षानुवर्षं बंदच राहावं अशी मालकाची अपेक्षा असते. ताकदीचं म्हणाल, तर अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून पाहिले. मायलेज जवळजवळ हललं नाही, वेग घेताना मात्र गाडी मंदावली. तुंबलेल्या फिल्टरने एवढाच फरक पडत असेल, तर स्वच्छ कागदी फिल्टर काढून मोकळी जाळी लावल्याने रोजच्या वापरात फारसं काय हाती लागणार? ट्यूनिंग करून टर्बोचा दाब वाढवलेल्या डिझेलची गोष्ट वेगळी. त्याला खरोखर जास्त हवा लागते. धुण्याने पैसे वाचतात, हेही खरंच. पण धुतल्यावर तेल कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर एअरफ्लो सेन्सर माखू शकतो. कागदी फिल्टरला हा व्याप नाही, उलट थोडी धूळ साचल्यावर तो अधिक बारीक कण अडवतो. म्हणून खोक्यावर छापलेल्या हॉर्सपॉवरपेक्षा आयएसओ 5011 चाचणीत फिल्टर किती टक्के धूळ अडवतो आणि बदलण्याआधी किती धूळ पोटात घेतो, हे दोन आकडे मागावेत. विक्रेत्याकडे ते नसतील, तर कच्च्या रस्त्यावरच्या पिकअपला कंपनीचाच फिल्टर बरा.