गोवर: पुरळ सोमवारी, लागण शनिवारी

"डॉक्टर, शनिवार-रविवार आम्ही सगळे वडप्याला बारशाला होतो. पोराला तेव्हा नुसती सर्दी आणि कणकण होती. आज सकाळी कानामागे पुरळ दिसतंय. आता काय करायचं?"

गावाचे आणि समारंभाचे नाव बदलून हा प्रश्न लहान मुलांच्या प्रत्येक डॉक्टरला कधी ना कधी येतो. वडपे मी मुद्दाम घेतले. नाशिक महामार्गावरचे, गोदामांच्या पट्ट्यातले हे भिवंडी तालुक्यातले गाव. ठाणे, कल्याण, नाशिक कुठूनही गाडीने यायला सोपे, म्हणून घरचे कार्य असले की सगळी भावंडे पोराबाळांसह तिथे जमतात. दोन खोल्यांत तीस-चाळीस माणसे. त्यात पाळण्यातले बाळ, कोणाचे आठ महिन्यांचे, कोणाचे दीड वर्षाचे, शिवाय एखादी गरोदर काकू किंवा आत्या. गोवराच्या विषाणूला याहून सोयीची जागा मिळणार नाही. हा विषाणू हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही तो तिथे दोन तासांपर्यंत टिकू शकतो. लस न घेतलेली मुले रुग्णाच्या सहवासात आली, तर दहापैकी नऊ जणांना गोवर होतो.

सगळी गोम अशी की पुरळ दिसते त्या दिवशी आपण जागे होतो, आणि मूल मात्र त्याच्या चार दिवस आधीपासून रोग पसरवत असते. हे माणसाला कसे कळले, त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि त्यातच वरच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी एक गोष्ट अचूक टिपली होती. 'माधवनिदान' या सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात देवीसारख्या रोगांच्या प्रकरणात 'रोमान्तिका' नावाचा आजार येतो. केसांच्या मुळांएवढे बारीक लाल पुरळ, खोकला, तोंडाची चव जाणे, आणि ताप आधी येऊन पुरळ नंतर उठणे, असे त्याचे वर्णन आहे. हा गोवरच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बगदादमध्ये नाव काढलेल्या अल-राझी या वैद्याने त्यानंतर देवी आणि गोवर यांच्यातला फरक सांगणारे पुस्तक लिहिले. थोडक्यात, पुरळ उठण्याआधी आजार सुरू होतो हे जुनेच ज्ञान. पण त्या आधीच्या दिवसांत तो दुसऱ्याला लागतो, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. म्हणून घरोघरी सगळी खबरदारी पुरळ दिसल्यावर सुरू व्हायची. दाराला कडुलिंबाचा डहाळा, स्वयंपाकात फोडणी बंद, बाहेरच्या माणसाला आत मज्जाव. आजही आजी हेच सांगते. यातला मज्जाव अगदी योग्य आहे. फक्त तो चार दिवस उशिरा येतो. फोडणीचा आणि गोवराचा संबंध नाही.

हा हिशेब मांडला पीटर पानुम या डेन्मार्कच्या तरुण डॉक्टरने. 1846 साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. कोपनहेगनहून बोटीने आलेल्या एका सुताराबरोबर ती आली होती. बेटांवर साधारण 7,800 माणसे, त्यातली 6,000 आजारी पडली. डेन्मार्क सरकारने पानुमला तिकडे पाठवले. तेव्हा त्याने वयाची पंचविशी नुकतीच गाठली होती. तिथली गावे डोंगरांनी आणि समुद्राने एकमेकांपासून तुटलेली, त्यामुळे कोणत्या दिवशी कोण कोणाला भेटले हे लोकांना नेमके आठवायचे. एका गावातले दहा पुरुष 4 जूनला दुसऱ्या गावी देवमाशांच्या शिकारीला गेले होते. ही शिकार म्हणजे तिथली जत्राच, अनेक गावची माणसे एकत्र येतात. ते दहा जण घरी परतले, ठणठणीत होते. 18 जूनला दहाही जणांच्या अंगावर पुरळ आले.

संपर्क ते पुरळ, चौदा दिवस. गावामागून गाव पानुमला हाच आकडा मिळत गेला. पुरळ उठण्याच्या सुमारास रोग सर्वांत जास्त पसरतो, हेही त्याच्या लक्षात आले. आणखी एक गोष्ट त्याला दिसली. त्याआधीची साथ 1781 सालची, म्हणजे 65 वर्षांपूर्वीची. तेव्हा लहानपणी ज्यांना गोवर झाला होता, अशा म्हाताऱ्यांपैकी त्याला भेटलेला एकही जण पुन्हा आजारी पडला नव्हता. एकदा झालेला गोवर जन्मभराचे संरक्षण देतो. पुढे लस शक्य झाली ती याच गुणामुळे.

ज्या समाजात हे संरक्षण कोणाकडेच नव्हते, तिथे काय झाले याचे उदाहरण फिजी बेटांचे. 1875 साली तिथला राजा आणि त्याची मुले ऑस्ट्रेलियाहून परतली ती गोवर घेऊन. स्वागताला ठिकठिकाणचे सरदार जमले, आणि मग आपापल्या गावी गेले. काही महिन्यांत सुमारे 40,000 माणसे मेली. घरातले सगळे एकाच वेळी अंथरुणाला खिळल्यामुळे पाणी द्यायला आणि अन्न शिजवायलाही कोणी उरले नाही, हे त्या मृत्यूंचे एक मोठे कारण. गोवराचे मूल नुसत्या विषाणूने जात नाही. न्यूमोनिया, जुलाब आणि उपासमार यांनी जाते.

लसीकडे येऊ. 1954 साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये एका शाळकरी मुलाच्या नमुन्यातून जॉन एंडर्स आणि त्याच्या सहकाऱ्याने विषाणू वेगळा केला. त्या मुलाचे आडनाव एडमन्स्टन, आणि तेच नाव त्या विषाणूच्या जातीला लागले. 1963 साली पहिली लस आली. आपल्याकडे सरकारी लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस 1985 पासून आहे, आणि पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची लस एडमन्स्टनच्याच एका पोटजातीची आहे. आपल्या मुलाच्या कार्डावर ती 'एमआर' म्हणून दिसेल: पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. "नऊ महिनेच का, आधी का नाही?" असे पालक विचारतात. आईकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडे पहिले काही महिने लसीचा विषाणूही मारून टाकतात, म्हणून थांबावे लागते. नऊ महिन्यांच्या डोसाने साधारण 85 टक्के मुलांना संरक्षण मिळते. उरलेल्यांसाठी दुसरा डोस. दुसरा डोस म्हणजे 'बूस्टर, नाही दिला तरी चालतो' हा समज चुकीचा आहे.

मधली फट कुठे आहे, हे भिवंडीने 2022 साली पाहिले. कोविडच्या दोन वर्षांत बऱ्याच मुलांचे नेहमीचे डोस चुकले होते. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, मग भिवंडीत आणि मालेगावात साथ आली. दगावलेल्यांत भिवंडीचे आठ महिन्यांचे एक बाळही होते. म्हणजे पहिल्या डोसाचे वयही झालेले नव्हते. अशा बाळाचे संरक्षण त्याच्या कार्डावर नसते, ते आजूबाजूच्या मुलांच्या कार्डावर असते. त्या साथीत केंद्र सरकारने सूचना काढली की, जिथे लहान बाळांत रुग्ण जास्त आहेत तिथे 6 ते 9 महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस द्यावा. हा डोस मोजायचा नाही, नेहमीचे दोन डोस नंतर द्यायचेच.

आता वडप्याच्या बारशाकडे. पुरळ सोमवारी आले, म्हणजे मूल गुरुवारपासून रोग पसरवत होते. शनिवार आणि रविवार दोन्ही त्यात आले. आता लाजायचे नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरळ लिहायचे की आमच्या मुलाला गोवर असावा. हा निरोप जितका लवकर जाईल तितका बरा, कारण संपर्कानंतर 72 तासांच्या आत लस दिली तर गोवर टळू शकतो किंवा सौम्य होतो. शनिवारी दुपारी भेटलेल्या भाच्यासाठी ही मुदत मंगळवारी दुपारी संपते. ज्यांचे डोस राहिलेत त्यांनी लगेच आरोग्य केंद्र गाठावे. बारशाचे बाळ, सहा महिन्यांखालची इतर बाळे आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेले कोणी असेल, तर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन द्यायचे का हे डॉक्टर ठरवतील. गरोदर काकूला ही लस देत नाहीत. तिने आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. बाकीच्यांनी पानुमचा चौदाचा आकडा कॅलेंडरवर मांडावा: ताप साधारण दहाव्या दिवशी, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी, आणि पुरळ त्यानंतरच्या शनिवारी-रविवारी. एकविसाव्या दिवसापर्यंत लक्ष ठेवावे.

आजारी मुलाला पुरळ आल्यापासून चार दिवस वेगळ्या, हवेशीर खोलीत ठेवा. दवाखान्यात येण्याआधी फोन करा, म्हणजे तुम्हाला बाकीच्या बाळांबरोबर बाकावर बसावे लागणार नाही. आशा ताईंनाही कळवा. त्या तपासणीची व्यवस्था करतात आणि आसपासच्या मुलांची कार्डे पाहतात. गोवर 'पूर्ण बाहेर पडू द्यावा' म्हणून उपाशी ठेवू नका. पेज, वरण-भात, अंगावरचे दूध, जे घेईल ते थोडे थोडे द्या. श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, मूल पाणीही पिईना, झटका आला किंवा सुस्त पडले, तर घरी थांबायचे नाही. गोवराच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही; ते न्यूमोनिया किंवा कान फुटला तर.

एक औषध मात्र प्रत्येक मुलाला लागते, आणि त्याचीही गोष्ट जुनी आहे. 1932 साली लंडनमध्ये एलिसन नावाच्या डॉक्टरने गोवराच्या 600 लहान मुलांपैकी निम्म्यांना माशाच्या यकृताचे तेल दिले, ज्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते. ते मिळालेल्या 300 मुलांतली 11 दगावली, न मिळालेल्या 300 मधली 26. इतका स्पष्ट फरक दिसूनही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी अ जीवनसत्त्वाची शिफारस केली ती 1987 साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. आज एक वर्षावरच्या मुलाला 2 लाख युनिट, 6 ते 11 महिन्यांच्या बाळाला 1 लाख आणि त्याहून लहान बाळाला 50,000, असे सलग दोन दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. दुसऱ्या दिवशीचा डोस घ्यायला ताप उतरलेला दिसला तरी या.